गाळलेला ‘हं’

‘बाबांचा माग’ हे गेमचं नाव मीच ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई स्वतःला सोडून सगळ्यांना धारेवर धरते आहे. तसं नाही. यादीत पहिलं नाव माझंच आहे. मागच्या महिन्यात एक मुलगा मुलाखत घ्यायला घरी आला होता. चांगला होता बिचारा, चहा झाल्यावर कप स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. पण पहिलाच प्रश्न त्याने विचारला, “मॅडम, वडिलांच्या मागाच्या ठोक्यावरून तुम्हाला पहिला गेम सुचला ना?” आणि इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी माझं डोकं तडकलं. त्याची काही चूक नव्हती. ते वाक्य मीच एकदा माइकवर बोलले होते आणि तेव्हापासून ते माझ्या मागे मागे फिरतं आहे. मुलाखत मी तिथेच थांबवली आणि त्याला सांगितलं, की तुला खरं हवं असेल तर मला लिहून काढावं लागेल.

तेव्हा आम्ही शहराच्या कडेला, हुडकेश्वरला राहत होतो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आईची पायाने चालवायची शिलाई मशीन. आजूबाजूला सगळीकडे नवी घरं उठत होती, त्यामुळे सकाळपासून फरशी कापायचा कर्कश आवाज, त्यात पाण्याचा टँकर आला की बादल्यांचा गोंधळ, आणि या सगळ्याच्या खाली आईच्या मशीनची एकसारखी टकटक. बाबा शहरातल्या सदर भागात एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर होते. उमरेडला ज्या माणसाने आयुष्यभर खड्ड्याच्या मागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसून, करवती काठाची लुगडी विणली, तो इथे गिऱ्हाइकांसमोर गिरणीच्या साड्या फडाफडा उलगडायचा आणि संध्याकाळी पुन्हा घड्या घालायचा. दुकानाच्या साड्या फॉल लावायला आईकडे यायच्या. म्हणजे दिवसभर बाबा ज्या साड्यांना नावं ठेवत, त्याच साड्या रात्री आमच्या पलंगावर पसरलेल्या असत. जेवताना बाबांची बोटं ताटाच्या कडेवर आपोआप वाजायची, एक ठोका लगेच, दुसरा जरा थांबून. आई वाढता वाढता म्हणायची, “जेवा ना आता, माग विकला तरी हात काही सुधरत नाही.” पण ती हे म्हणताना हसायची.

मला त्या घरातली एक गोष्ट आठवली की अजून राग येतो. विणकरांचं एक ओळखपत्र असायचं. त्यावर बाबांचा फोटो, बाबांचं नाव आणि धंदा विणकर. आईच्या रेशन कार्डावर गृहिणी. मी लहान असताना उमरेडला कुठल्याशा कार्यक्रमात जुन्या विणकरांचा सत्कार झाला, तेव्हा बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि आई खाली खुर्चीत त्यांच्या चपलांवर लक्ष ठेवून बसली होती. मग शाल आणि नारळ तिने पिशवीत घातले आणि आम्ही घरी आलो. कोणालाच काही वाटलं नाही, बाबांना नाही, आईला नाही, मला तर नाहीच. मला खरा राग या न वाटण्याचा येतो.

माग विकला त्या दिवाळीला आम्ही तिघं एसटीने उमरेडला गेलो होतो. काकाला ती खोली हवी होती, लाकूड घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. मागावर शेवटच्या लुगड्याचं हातभर कापड विणायचं उरलं होतं. बाबा खड्ड्यात उतरले, आई उजव्या बाजूला तिच्या नेहमीच्या जागेवर पाय मुडपून बसली आणि दोघांनी ते विणून संपवलं. मी मोबाइल मागाच्या लाकडी खांबावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. मोठी कलाकार असल्यासारखी डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडे ठेवले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

आता त्या स्पर्धेबद्दल. आमच्या कॉलेजात गेम जॅम होता. शुक्रवारी सकाळी एक विषय द्यायचे आणि रविवारी दुपारपर्यंत त्यावर एक छोटा व्हिडिओ गेम करून दाखवायचा. विषय मिळाला ‘आवाज’. माझा जोडीदार अनिकेत, वर्गातला हुशार मुलगा. लॅपटॉप त्याचा होता, माझ्याकडे फक्त कल्पना आणि तोंड. मी त्याला मागाचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि तो खुर्चीतून उठलाच. “अबे यार, हे तं सोनं आहे!” कल्पना सोपी होती. पडद्यावर वरून धागे खाली येतात, मागाचा ठोका वाजत राहतो, आणि धागा रेघेवर आला की बरोबर ठोक्याला बटण दाबायचं. जमलं तर काठावर करवतीचा एक दात उमटतो. नाही जमलं तर धागा तुटतो आणि आवाज येतो, “चुकलं!” तो आवाज माझाच होता. शुक्रवारी दुपारी समोसे खाता खाता हसत हसत रेकॉर्ड केलेला. नाव टाकायची वेळ आली तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. ‘बाबांचा माग.’

रेकॉर्डिंगमध्ये मला दोन ठिकाणी खोट दिसली. एक म्हणजे ठोके समान अंतरावर नव्हते. एक जवळ, एक लांब, आणि तो लांबचाही दर वेळी वेगळा. दुसरी खोट म्हणजे प्रत्येक लांब ठोक्याच्या आधी एक बारीक खरखर होती, कोणीतरी घसा साफ करावा तशी. मी बसून दोन्ही काढल्या. खरखर कापली. ठोके उचलून उचलून घड्याळासारखे सारख्या अंतरावर बसवले. तीन तास लागले आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू. मोबाइलची जागा भरली होती म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. साफ केलेलं होतंच ना, घाण कशाला ठेवायची?

शनिवारी दुपारी अनिकेत म्हणाला, कधीच गेम न खेळलेल्या माणसाला खेळायला दे, म्हणजे कळेल. मी लॅपटॉप घेऊन स्कूटीवर घरी आले. माझ्यासाठी बाबांनी सुट्टी घेतली होती. आईने गोळाभात केला होता, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, सोबत चिंचेचं सार. घरभर फोडणीचा वास होता. मी म्हटलं, जेवणाआधी पाच मिनिटं, आणि लॅपटॉप पलंगावर ठेवला. बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले, पूजेला बसावं तसे बसले.

“कोणतं बटन?”

“हे. तुमचाच ठोका हाय बाबा, तुमाले काय शिकवू.”

पहिला ठोका त्यांनी बरोबर मारला. दुसऱ्याला बोट वरच राहिलं. “चुकलं!” माझा आवाज. तिसरा बरोबर. चौथ्याला पुन्हा बोट हवेत. “चुकलं!” बाबा घाबरल्यासारखे झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, एक बरोबर, एक चूक. मला चीड आली. ज्या माणसाच्या हाताचा हा ठोका, त्याला तो जमू नये?

“बाबा, काहून थांबून राहिले तुम्ही? दाबा ना!”

“थांब ना पोरी,” बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “तुयी आई बोलली नाही अजून.”

शेडमधली मशीन थांबली. आई दारात आली, ओठात दोरा तसाच. तिने दोन ठोके ऐकले, तीन ऐकले. दोरा काढला.

“माहा हं कुठं गेला?”

मला आधी कळलंच नाही. मग बाबांनी समजावलं, आणि ते समजावत असताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. करवती काठाला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, एक मधल्या कापडाचा आणि दोन दोन्ही काठांचे. डावा काठ बाबा स्वतः सांभाळत. मधला धोटा उजवीकडे गेला की आई काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकवायची, आपला धोटा परत फिरवायची आणि म्हणायची, “हं.” तो ‘हं’ आल्याशिवाय बाबा धागा घट्ट बसवणारी फणी ठोकत नसत. ठोकली तर धागा अडकलेला नसतो, काठ कापडापासून सुटतो आणि लुगडं वाया. म्हणजे दर दुसरा ठोका आईच्या परवानगीने पडत होता. मला जी खरखर वाटली ती आई होती. मला जी खोट वाटली तो तिच्या हाताला लागणारा वेळ होता.

“मले वाटलं तू खाकरून राहिली,” मी म्हटलं. याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

“खाकरून?” आईचा आवाज चढला. “एका एका लुगड्यात हजार बार खाकरली काय मी? टीबी झाला होता काय मले? तुले पोटात घेऊन बसली होती त्या खड्ड्याच्या काठावर, नवव्या महिन्यापर्यंत. माही कंबर गेली त्याच्यात. अन् तू कचरा म्हणून काढून टाकला?” मग ती बाबांकडे वळली. “अन् तुमी? तुमीबी कधी कोणाले सांगतलं नाही. शाल घेतली अन् घरी आले.”

बाबा माझ्याकडे वळले.

“मूळचं असन ना तुह्यापाशी?” त्यांनी विचारलं.

“पुसलं,” मी म्हटलं.

मग मी त्याहून मूर्खपणा केला. मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, “आता म्हण ना एक बार. मी लावून देते परत.” आईने मोबाइल बाजूला सारला. “रिकाम्या हातानं निघत नाही तो.” मीही भडकले. दोन सेकंदांचं काम आहे, एक अक्षर म्हणायचं आहे, माझी स्पर्धा आहे, तुला काही पडलेलंच नाही, असलं सगळं बोलून घेतलं. चूक आपली असली की माणूस किती जोरात ओरडतो, ते मला त्या दिवशी समजायला हवं होतं. आई मशीनवर जाऊन बसली आणि मशीन इतकी जोरात चालवायला लागली की बाजूची बाई डोकावून गेली. गोळाभातावर तेल थिजून गेलं. कोणी जेवलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा उठले. मशीनच्या खणातून त्यांनी एक चिंधी काढली. तिच्यात आईचा काठाचा धोटा होता, गुळगुळीत, काळा पडलेला. माग विकला तेव्हा तिने तेवढा ठेवून घेतला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बाबा जमिनीवर बसले, पाट उभा धरला आणि पाटाची कड फणीसारखी ओढून बघायला लागले. दुसऱ्या हातात धोटा उलटाच धरला होता, बहुतेक मुद्दाम. आई शेडमधून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. “तसा नाही धरत तो. आणा इकडं.” ती त्यांच्या उजवीकडे येऊन बसली, पाय मुडपून. दोरा घेतला, अडकवला, धोटा फिरवला. “हं.” पाट आदळला. “हं.” पाट. मी श्वास रोखून मोबाइल धरला होता. वीसेक वेळा झालं असेल. उठताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता नीट लाव.” मी म्हटलं, लावते. शब्द दिला.

रविवारी सकाळी अनिकेतने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “यार, हे टाकलं तं सगळे ठोके परत बसवा लागन. अन् लोकायले वाटन गेम अडकून राहिला. परीक्षक पुण्याचे आहेत, त्यायले काय समजणार? नंतर टाकू ना, स्पर्धा झाल्यावर.” मी भांडले. आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले की मी खूप भांडले. खरं सांगते, दहा मिनिटं. मग मी घड्याळ पाहिलं, दुसऱ्यांचे गेम पाहिले, आणि मला बक्षीस हवंसं वाटलं. मी म्हटलं, “बरं.” अनिकेतला मी पुढे वर्षभर शिव्या दिल्या, पण तो ‘बरं’ माझ्या तोंडातून निघाला होता. आणि आई-बाबा चार वाजता येणार होते, त्यांना फोन करून सांगायची हिंमतही मला झाली नाही.

आई तिच्या हातचं लुगडं नेसून आली होती. जांभळं, लाल करवती काठाचं. पहिल्या रांगेत बसली आणि आमचं नाव पुकारलं तेव्हा जरा पुढे झुकली, स्पीकरकडे कान करून. कशासाठी झुकली ते त्या सभागृहात फक्त मला आणि बाबांना माहीत होतं. मी माइकवर ते वाक्य बोलले, वडिलांच्या मागाच्या ठोक्यावरून सुचलेला गेम. टाळ्या पडल्या. परीक्षक खूश झाले. “वडील आलेत? मग त्यांनीच खेळून दाखवावं!” बाबा कसेबसे स्टेजवर आले.

पहिला ठोका बरोबर. दुसऱ्याला बोट हवेत थांबलं. “चुकलं!” मोठ्या स्पीकरवर माझा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. लोक हसले, प्रेमानेच हसले, आणि तेच मला सहन होईना. चौथा ठोका. “चुकलं!” बाबांनी उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

आई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पदर खोचून पायऱ्या चढली, बाबांच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि म्हणाली, “हं.” बाबांनी बटण दाबलं. “चुकलं!” आईने धागा अडकवायला लागतो तेवढा वेळ घेतला. “हं.” बाबांनी दाबलं. “चुकलं!” तिचा ‘हं’ दर वेळी जरा जास्त मोठा, जास्त रागाचा. पडद्यावर तुटलेल्या धाग्यांचा ढीग, आणि हे दोघं थांबायला तयार नाहीत. हसणं हळूहळू बंद झालं. अनिकेत पुढे वाकून म्हणाला, “काकू, टायमिंग जरा...” आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी माझाच आवाज आईला चुकलं, चुकलं म्हणताना ऐकत होते. मी स्पीकरची वायर उपटली. मग नुसतं बटणाचं टक आणि ‘हं’ एवढंच ऐकू येत राहिलं, शेवटच्या धाग्यापर्यंत. त्यांच्या एकाही ‘हं’ला गुण मिळाला नाही.

आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, कल्पना हृद्य आहे, टायमिंगकडे लक्ष द्या. स्मृतिचिन्ह बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते इकडून तिकडून पाहिलं, आईने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पिशवीत घातलं, त्या शालीसारखंच. माइक तेव्हा पुन्हा माझ्या हातात होता. तेव्हा तरी मी बोलू शकले असते. मी “थँक्यू” म्हटलं आणि खाली उतरले. वायर उपटली हे लोकांना मी अभिमानाने सांगत असे. तोंड उघडलं नाही, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. मी समोर बसलेली असताना बाबांना सांगायची, “तिले म्हणा, जेवून घे.” मी अनिकेतकडून गेमच्या फाइली आणल्या, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून कामाला लागले. गेम करायला शिकवणारे सगळे धडे एकच शिकवत होते, खेळणाऱ्याने मशीनच्या वेगाशी कसं जुळवून घ्यायचं. मला उलटं हवं होतं. तीन आठवडे गेले तेव्हा कुठे मशीन थांबायला शिकली. आता दोन बटणं होती, दोन माणसं लागायची. उजवीकडच्याने धागा अडकवून ‘हं’चं बटण दाबलं नाही तर फणी हलायची नाही, कितीही वेळ जावो. त्या ‘हं’ला आवाज आईचा, पाटावरच्या रेकॉर्डिंगमधला. ‘चुकलं’ काढून टाकलं. नाव बदलून ‘दोघांचा माग’ केलं.

एका दुपारी बाबा दुकानात होते. मी अनिकेतचा लॅपटॉप मागून आणून आईच्या मशीनच्या फळीवर ठेवला.

“आई, एक बार.”

“माहे सात फॉल राहिले,” ती मशीनला सांगितल्यासारखं म्हणाली.

मी हलले नाही. तिने मांडीवरची साडी बाजूला केली नाही, सुईही हातातून ठेवली नाही, फक्त उजव्या बटणावर बोट ठेवलं. मी डावीकडे बसले, बाबांच्या जागेवर. धागे खाली यायला लागले. पहिला ठोका माझा एकटीचा होता, तो बरोबर पडला. दुसरा धागा रेघेवर आला आणि मी दाबलं. काही झालं नाही. मी पुन्हा दाबलं, मग पुन्हा, घाईघाईत. आईची चापट माझ्या मनगटावर बसली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली.

“काहून वं? मी हं म्हटलं काय?”